केळ्यासारखा चंद्र

भिंतीवर सहा चित्रं, दोरीला चिमट्यांनी अडकवलेली.
आंघोळ. निळा झगा. दूध. दात. पांघरूण. चंद्र.
यास्नाने काढली एका रविवारी, भांडी तशीच ठेवून.
चंद्र तिला जमला नाही, केळ्यासारखा झालाय.
रायेन त्यावर बोट ठेवते
आणि तोंड हलवते, चावल्यासारखं.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर मी आसेन्सोर चालवतो.
एक लाकडी डबा वर चढतो, दुसरा खाली उतरतो,
मधोमध क्षणभर खिडकीला खिडकी.
आमच्या घरीही तसंच.
मी परततो, यास्ना इस्पितळाच्या धुलाईघराकडे निघते,
जिन्यात गाठ पडते. आज म्हणाली,
"दुपारी निजली ती. अख्खा तास."
मग दोघंही काही बोललो नाही.

आठला आंघोळ. पाणी कोपराने बघायचं.
झग्याचं लेबल कापलेलं, शिवण बाहेरच्या बाजूला,
आतली शिवण तिला चावते.
दुधात थेंब. दूध त्याच कपात,
कान तुटलेल्या. नवा आणला होता,
त्याच्या ठिकऱ्या कपाटामागे अजून सापडतात.
दात मी घासतो आणि ती माझा अंगठा.
पांघरूण दोन्या क्लोरिंदाने शिवलंय, खालच्या घरातली,
चौकोनाचौकोनात मसूर भरून, चार किलो.
म्हणाली होती, दुष्काळ पडला तर उसवून आमटी करा.
त्या वजनाखाली रायेनचे पाय हळूहळू
स्वतःचे होतात.
मग चंद्र. दिवा बंद.

आणि अंधारात ती हसते.

तिच्या पंधराव्या गुणसूत्रातला एवढासा तुकडा नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हसणं हे लक्षण आहे,
झोप कमी, तेही लक्षणच.
मी विचारलं, आणि माझं चिडणं?
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

दाराला उंचावर दुसरी कडी आहे.
हे मी कामावर कुणाला सांगत नाही.
बाहेर चौतीस पायऱ्या, एका बाजूला कठडा,
दुसऱ्या बाजूला नुसतं बंदर.

पावणेदोनला ती उठली. धुकं होतं,
जहाजं भोंगा देत होती, ती प्रत्येकाला उत्तर.
पुन्हा पहिल्यापासून, असं बाई सांगतात,
आवाज न चढवता, तेच, त्याच क्रमाने.
झगा. दूध. दात.
चौथ्या आणि पाचव्या चित्राच्या मध्ये कुठेतरी
मी जमिनीवर टेकलो. नुसता टेकलो.

जाग आली ती छाती दबल्यामुळे.
मसुराचं पांघरूण माझ्यावर, गळ्यापर्यंत.
कपाळावर ओला मोजा: ही आंघोळ असावी.
मिशीला दूध. ओठांवर टूथपेस्ट, भरपूर.
पोटावर निळ्या झग्याची घडी, तिच्या मानाने घडीच.
तोंडावर कागद, आणि कागदावर
तो चंद्र, कोपऱ्यातून खाल्लेला.

दिवाही तिनेच मालवला होता.

ती स्वयंपाकघरात. उघडी. पिठात बसलेली,
पाच किलोची पिशवी, नवी, कालच आणलेली.
दोन्ही हातांनी पीठ उडवते, ते खाली येईतो बघते,
मग हसते.
मी रागावणार होतो. तोंड उघडलं
तर पुदिन्याचा वास आला.
शेजारी बसलो. दार बघितलं, कडी जागेवर.
धुक्यात एक जहाज ओरडलं. तिने उत्तर दिलं.
नंतरच्याला मी दिलं.

साडेसहाला यास्ना आली, हातांना क्लोरीनचा वास.
पिठातली पावलं बघितली, लहान, मोठी, परत लहान.
झाडू शोधला नाही. पर्स खाली ठेवली.
"किती तास?"
"सव्वादोन."
"सलग?"
"सलग."
तिचा चेहरा उजळला, आत डोकावली.
रायेन चमचे मोजत होती, तिच्या पद्धतीने, फेकून.
यास्ना माझ्याकडे वळली, मिशीकडे बघत.

"कुणाची?"